पाणी दीडपट झालं तेव्हा

ल्यूथर हराबिक त्याच्या गावच्या पाण्याच्या प्लांटमधलं एक गाळणीचं नळकांडं ओल्या टॉवेलात गुंडाळून, सहा तास पिकअप चालवत आमच्या लॅबमध्ये आला. बाकीचे लोक पार्सल करतात. हा स्वतः आला, तेव्हाच मला धाकधूक वाटली.

पश्चिम टेक्ससमधलं त्याचं गाव आठशे वस्तीचं. विहिरीचं पाणी खारं, म्हणून ते नळकांड्यांतल्या बारीक पडद्यांतून गाळून प्यायचं. आता नळाचं पाणीच खारट लागत होतं. शुक्रवारपर्यंत सुधारलं नाही, तर वृद्धाश्रम सगळ्या म्हाताऱ्यांना लांबच्या लबक शहरात हलवणार होता. त्यांत ल्यूथरची आई होती. ती आता एकट्या ल्यूथरला ओळखते, तेही तो रोज संध्याकाळी भरवतो म्हणून.

"बुळबुळीत थर साचला असेल, बाई. तो धुता येतो ना?"

"आधी उघडू तर द्या!"

करवतीनं कवच कापून मी आतली पडद्याची गुंडाळी टेबलावर उलगडली. ना थर, ना क्षार. पडदा अगदी स्वच्छ, म्हणजे धुऊन भागणारं नव्हतं.

"बघा, चकाचक!" ल्यूथर खूश. "सुट्टीवर जाताना मीच धुऊन गेलो होतो. परत येतो तर पाणी दीडपट! मेयरनं पाठ थोपटली. बागांना पाणी घालायची बंदीसुद्धा उठवली."

मला त्याचा राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली. पाणी अचानक वाढलं की आमच्या धंद्यात घाबरायचं असतं. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"सुट्टी किती दिवसांची?"

"दहा. लेकीचं बाळंतपण. अकरा वर्षांत पहिलीच सुट्टी."

"पाण्यातलं क्लोरीन घालवायचं औषध कुणी कालवलं?"

"मीच. पातळ करून दहा दिवसांचं एकदम. बदलीच्या माणसाला ताप नको."

पातळ केलेलं ते औषध उघड्या टाकीत तीन-चार दिवसांत निकामी होतं. मग जंतूंसाठी घातलेलं क्लोरीन थेट पडद्यांवर जातं. क्लोरीननं खाल्लेला पडदा पाणी भरपूर सोडतो, आणि मीठही.

पडद्याचा तुकडा मी कुपीतल्या रसायनात टाकला. गुलाबी रंग आला, म्हणजे क्लोरीनच.

"दुसरा घ्या."

गुलाबी.

"टोकाचा घ्या ना, बाई. तिकडे कदाचित..."

तोही गुलाबी.

"काहीतरी लावून, धुऊन?"

"ल्यूथर, जळलं ते जळलं. सगळेच बदलावे लागतील."

"नवे यायला दहा आठवडे लागतात."

एकोणीस वर्षं मी पडदे कापतेय. कशानं मेला ते सांगते. एकही जिवंत करता आलेला नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वृद्धाश्रमातून होता.

"नाही, पाणी सुधारणार नाही... व्हॅन नको. परक्यांच्या गाडीत ती बसायची नाही, मी सोडतो." तो भिंतीकडे वळला. "हो, लबकला तिला भरवणाऱ्या मुलींसाठी लिहून घ्या. चमचा आधी आपल्या तोंडाशी न्यायचा. तिला दाखवून आपण तोंड उघडायचं. मग ती उघडते."