घारीच्या घरचा उजेड

आमच्या बल्बच्या कारखान्यात मला घार म्हणतात. माल खोक्यात भरण्याआधी शेवटच्या टेबलावर मी बसते. बल्ब होल्डरला लावायचा, पेटवायचा, नीट बघायचा, आणि पसंत पडला की बुडाशी हिरव्या मार्करने ठिपका द्यायचा. माझ्या ठिपक्याशिवाय एकही बल्ब दाराबाहेर पडत नाही. माझ्या नजरेतून काही सुटत नाही असं सगळे म्हणतात, आणि मीही काही नाही म्हणत नाही.

बरं, मी नुसती तपासून गप्प बसणारी नाही. आपल्या देशात बनतं ते सोडून बाहेरचं घेणाऱ्या माणसाशी माझं जमत नाही. नणंदेने परदेशी इस्त्री आणली, तेव्हा चहा पाजता पाजता मी तिला असं सुनावलं की बिचारी अर्धा कप तसाच ठेवून गेली. जावेचा पंखा, शेजारणीचा मिक्सर, कुणाची गय केली नाही. वीज वाचवा, आपलं वापरा, हे मी झोपेतही बडबडते म्हणे. रोज घरात पाऊल टाकलं की माझा पहिला प्रश्न, "काय, उजेड कसा आहे?" आणि सगळे एका सुरात म्हणत, "झकास!"

म्हणून तर साहेबांनी जाहिरातीसाठी माझं घर निवडलं. शाळांच्या वर्गांसाठी बल्ब पुरवायची मोठी ऑर्डर ठरत आली होती. माल बांधून तयार होता, सही तेवढी बाकी होती. ती झाली नाही तर आमची लाइन बंद आणि लाइनवरच्या बायका घरी, हे साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. "बनवणारीच्या घरातही हाच बल्ब," असा फोटो शाळावाल्यांना दाखवायचा होता.

ठरल्या दिवशी साहेब आले, बरोबर फोटो काढणारी एक मुलगी. मी पडदे ओढून सगळे दिवे लावले. सासूबाई चष्मा पुसून खुर्चीत बसल्या, लेक त्यांना चिकटून. नवऱ्याचं मात्र भलतंच चाललेलं. "बल्ब काढायचा कशाला? आहे तिथेच फोटो काढा की." मला वाटलं, कॅमेऱ्याला बुजलाय. मी त्याला बाजूला सारलं, दिवा बंद केला, स्टुलावर चढले, फडक्याने बल्ब धरून फिरवला आणि छातीशी धरून हसले.

मुलगी फोटो काढेना. "ताई," ती म्हणाली, "यावर दुसरंच नाव आहे."

मी बल्ब उलटा केला. परदेशी कंपनी! माझ्या घरात! बुडाशी ठिपका नाही, काही नाही. मी स्टुलावरून उतरून स्वयंपाकघरात धावले. तिथेही तोच. न्हाणीघरात तोच, जिन्यात तोच. कुणीतरी भर बाजारात थोबाडीत मारावी तसे माझे कान तापले.

"कुणी केलं हे?"

सासूबाई नवऱ्याकडे बघायला लागल्या, नवरा लेकीकडे, लेक जमिनीकडे.

"मी बदलले," नवरा म्हणाला. "तू कामावर असताना. मधे तुमच्या बल्बांमधलं सर्किट बदललं ना, तेव्हापासून."

"आणि तुम्ही मला रोज झकास म्हणत होतात?"

"उजेड झकासच होता गं," सासूबाई पुटपुटल्या. "तुझा नव्हता, एवढंच. मी दारात लक्ष ठेवायचे, ही पोर स्टूल धरायची. तुझे बल्ब लागले की माझं कपाळ ठणकायचं. सुईत दोरा जाईना."

"आई, तुझ्या दिव्याखाली अक्षरं हलतात," लेक म्हणाली.

"काहीतरीच! मी दिवसभर त्याच उजेडात बसते. हलत असती तर मला दिसली नसती?"

नवऱ्याने पलंगाखालून बॅग ओढली. आत जुन्या चादरीत माझे बल्ब गुंडाळून ठेवलेले, एकेकावर माझा हिरवा ठिपका. फेकायचाही धीर झाला नव्हता त्यांना. मी त्यातला एक लावला, बटण दाबलं आणि मान वर करून बघितलं. लख्ख, शांत उजेड. मी साहेबांकडे पाहिलं.

"चांगला आहे की," साहेब म्हणाले.

पण सासूबाईंनी तोंड फिरवलं होतं. लेकीने डोळ्यांवर हात धरला होता. फोटोवाल्या मुलीने मोबाइल माझ्यापुढे केला. "दिवा भराभर लुकलुकतोय ताई, कॅमेऱ्यात पकडला जातो," ती म्हणाली. पडद्यावर आमच्या भिंतीवरून काळे पट्टे सरकत होते, एकामागून एक, थांबतच नव्हते. तिने मोबाइल माझ्याकडे वळवला, तर माझ्या तोंडावरूनही तेच पट्टे. मी पुन्हा वर पाहिलं. लख्ख. शांत. मला खरंच भीती वाटली. माझे डोळे मलाच फसवत होते आणि घरातली तीन माणसं माझ्या आनंदाखातर ते झाकत होती. दिव्याखाली अंधार ही म्हण त्या दिवसापासून मी कुणाला ऐकवलेली नाही.

साहेबांनी घसा खाकरला. "असं करू. तो परदेशीच परत लावा, खाली नाव आपलं टाकू. फोटोत कुणाला काय कळतंय? एकदा सही होऊ दे, मग सर्किटचं बघू."

ज्या माणसाच्या तोंडून मी 'आपलं वापरा' शिकले, तोच हे बोलत होता! त्यांची काळजीही खोटी नव्हती, लाइनवरच्या बायका माझ्याही डोळ्यांसमोर होत्या. माझ्या शेजारी बसणारीचं घर तर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं. पण लेकीने अजून हात खाली घेतला नव्हता, आणि अशा पोरांनी भरलेले वर्ग त्या उजेडात बसणार होते.

"माल थांबवा, साहेब," मी म्हणाले. "आणि त्या टेबलावर दुसरं कुणीतरी बसवा. मला दिसत नाही."

"अहो, तुम्हाला दिसत नाही, मलाही दिसत नाही," साहेब चिडले. "मग दिसतं तरी कुणाला?"

"बाकी सगळ्यांना," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी उठून दिवा बंद केला.