भिंतीवर नसलेला रिपोर्ट

किला गेटजवळ भांड्यांच्या दुकानावर एक लांबट हॉल होता. दर गुरुवारी त्याच्या जिन्यावर चपलांचा ढीग लागायचा. भिंड, मुरैना, दतिया, कुठून कुठून बायका टेम्पोत दाटीवाटीने बसून यायच्या. कुणाचं मूल दूध ओकत होतं, कुणाचं वाळत चाललं होतं. काही जणी मात्र पदर नाकापर्यंत ओढून मागच्या भिंतीला टेकून बसायच्या. त्या कशासाठी आल्यात हे कुणी विचारत नसे. त्या आजाराचं नावही तिथे घेत नसत. ‘बडी बीमारी’ एवढंच म्हणत.

समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटी होत्या. देवाच्या तसबिरी दोनच, बाकी सगळे लॅबचे रिपोर्ट. जोडीजोडीने लावलेले: डावीकडे पॉझिटिव्ह, उजवीकडे निगेटिव्ह. मार्च २०१४ मधल्या त्या गुरुवारी शामला पहिल्यांदा तिथे आली, तेव्हा तिने एकोणीस जोड्या मोजल्या. विसावी आज लागणार होती.

सूर्याजीबाबांनी लिफाफा कपाळाला लावला, फाडला आणि डोळे मिटले. रडणारी लेकरंसुद्धा गप्प झाली.

“दो महीने का था, तब माँ लेके आई थी,” बाबा हळू आवाजात म्हणाले. “माँ के दूध में नाग बैठा था। बच्चा दूध पीता, नाग बच्चे को पीता। आज डेढ़ साल का है। पढ़ो बेटी, तुम पढ़ी-लिखी हो। मैं ठहरा अनपढ़ फ़कीर।”

पुढे बसलेल्या मुलीने कागद घेतला आणि अडखळत वाचला. एचआयव्ही, निगेटिव्ह.

हॉलमध्ये एकदम कल्लोळ झाला. त्या मुलाची आई बाबांच्या पायांवर कोसळली. मूल मात्र खुशाल बाबांच्या जपमाळेला लोंबकळत होतं. शामलाच्या शेजारी बसलेल्या तिच्या सासूने, उषाताईंनी, हात जोडले आणि त्या डोळे पुसू लागल्या. शामलाने मांडीवरच्या मल्हारला आणखी घट्ट धरलं. तो अडीच महिन्यांचाही नव्हता.

शिंदे की छावनीत या दोघींचं दोन खोल्यांचं घर होतं. शामलाचा नवरा ट्रकवर होता. तो सप्टेंबरात गेला. गल्लीला कावीळ सांगितली. त्याच महिन्यात शामलाच्या रक्तात एचआयव्ही निघाला, तेव्हा तिला पाचवा महिना चालू होता. मरावंसं वाटत होतं, पण पोटातलं पोर लाथा मारत होतं.

सरकारी एचआयव्ही केंद्रातल्या समुपदेशक इंदुताईंनी तिला सावरलं. त्यांनी सांगितलं ते तिला पाठ झालं होतं. रोज एक गोळी, एकही दिवस चुकवायची नाही. बाळाला जन्मल्यापासून सहा आठवडे पातळ औषध. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरून पाण्याचा थेंबही नाही. एवढं नीट केलं तर शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त बाळांना काही होत नाही.

शामलाने सगळं केलं. उषाताईंना एकच गोष्ट खटकत होती. घरात तान्हं बाळ आणि बाळगुटी नाही? त्यांच्या घरात प्रत्येक मूल गुटीवर वाढलेलं. हळकुंड, मुरडशेंग, वेखंड सहाणेवर उगाळून दुधातून चाटवायचं, तेव्हा कुठे मूल अंग धरतं. पण डॉक्टरांनी बजावलं म्हणून त्या गप्प होत्या.

सहाव्या आठवड्यात मल्हारच्या टाचेला टोचून रक्ताचे ठिपके एका जाड कागदावर घेतले. रिपोर्टसाठी महिन्याने यायला सांगितलं. शामला महिन्याने गेली, तर केंद्राला कुलूप. दारावर हिंदीत चिकटवलं होतं, की केंद्र दुसऱ्या केंद्राबरोबर एकत्र करून हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत हलवलं आहे. नव्या इमारतीत फायलींची पोती पडली होती आणि शिपाई सगळ्यांना एकच सांगत होता, अगले महीने आना. इंदुताई कुठे बसतात, ते कुणाला माहीत नव्हतं. गोळ्या सहाच उरल्या होत्या. आणि दोनच दिवसांनी गिरणीत भेटलेल्या एका बाईने उषाताईंना किला गेटचा पत्ता दिला.

दोघींची पाळी आली तेव्हा बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेजारच्या गल्लीतल्या एका लॅबची चिठ्ठी दिली. आधी कागद, मग कृपा, असा त्यांचा नियम होता. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. मल्हार पॉझिटिव्ह.

शामला लॅबच्या पायरीवरच बसली. दर दोन तासांनी ती त्याला छातीशी धरत होती. तो डोळे मिटून, मुठी वळून प्यायचा. म्हणजे इतके दिवस ती त्याला हेच पाजत होती. इंदुताई खोटं बोलल्या होत्या.

बाबा रागावले नाहीत. उलट मराठीत, अगदी घरच्यासारखे बोलले. “मुली, त्या गोळ्या गरम असतात. नाग चवताळतो आणि दुधात उतरतो. आजपासून बंद कर. दूध पाजत राहा, बाळाला ही गुटी दिवसातून तीनदा, आणि तुला हा अंगारा. मुलगा दीड वर्षाचा झाला, की कागद माझ्याकडे आण. व्रत मोडायचं नाही मात्र.”

उषाताईंनी माळ्यावरून सहाण काढली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या हाताला काम मिळालं होतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ गुटी उगाळण्याचा आवाज घरात घुमू लागला. शामलाने उरलेल्या गोळ्या गटारात टाकल्या. चौथ्या दिवसापासून मल्हारला जुलाब लागले. बाबा म्हणाले, नाग बाहेर पडतोय. पंधराव्या दिवशी त्याचं रडणंही बारीक झालं. रडायला लागला की शामलाला छातीतून दूध सुटायचं, आणि आपलंच दूध बघून तिच्या अंगावर काटा यायचा.

तीन आठवड्यांनी दोघी पुन्हा बाबांपुढे बसल्या. उषाताई चौकटींकडे बघत होत्या. त्यांच्या मनात काही पाप नव्हतं. मुलगा गेला, निदान सून तरी राहावी, एवढंच होतं.

“महाराज, हिचा रिपोर्ट कधी लागणार भिंतीवर?”

“मुलाचा ना? दीड वर्षाने.”

“नाही, हिचा. हीसुद्धा तुमचा अंगारा घेतेच आहे की. या सगळ्या पोरांच्या आयांनी घेतलाच असेल. पण भिंतीवर एकाही आईचा कागद दिसत नाही.”

बाबांचा हात जपमाळेवर थांबला. “आईचा आजार कर्माचा असतो, काकी. लेकरू निष्पाप, म्हणून लवकर सुटतं.”

“मग या एका वर्षाच्या पोराचा तरी कागद आज काढा,” उषाताईंनी पलीकडच्या बाईच्या मुलाकडे बोट दाखवलं. “तोही निष्पापच आहे.”

“अभी समय नहीं हुआ!” बाबा एकदम हिंदीत गेले. “कृपा पर शंका? अगला कौन है?”

खाली आल्यावर शामला म्हणाली, “आई, ते घाबरले.” उषाताईंनी हॉस्पिटलकडे जाणाऱ्या टेम्पोला हात केला.

या वेळी शामला शिपायाशी हुज्जत घालत बसली नाही. एकेक दार उघडून बघत गेली. लसीकरणाच्या खोलीमागे, अर्धवट रंगवलेल्या खोलीत इंदुताई सापडल्या. शामलाला बघून त्या उठल्याच.

“कुठे होतीस तू? फोन लावून लावून थकले मी.”

फोन नवऱ्याच्या नावावरचा होता, तो कधीच बंद झाला होता. शामलाने लॅबचा कागद टेबलावर ठेवला. इंदुताईंनी तो वाचला आणि कपाटातून दुसरा काढला. फायलींच्या गठ्ठ्यात अडकलेला मल्हारचा रिपोर्ट. सहाव्या आठवड्यातल्या रक्ताचा. विषाणू आढळला नाही.

“दोन्हींतला खोटा कोणता?” उषाताईंनी विचारलं.

“दोन्ही खरे आहेत,” इंदुताई म्हणाल्या. “हा रोग अंगात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला शिपाई तयार करतं. लॅबमधली साधी तपासणी ते शिपाई बघते. शत्रू तिला दिसतच नाही. आणि शामलाचे शिपाई पोटात असतानाच नाळेतून मल्हारकडे गेले. त्याने दुधाचा एक थेंब प्यायला नसता, तरी दोन महिन्यांचा असताना हा कागद पॉझिटिव्हच आला असता. अशा प्रत्येक बाळाचा येतो. आईकडून आलेले शिपाई हळूहळू मरतात, दीड वर्षाचं होईपर्यंत संपतात. मुलाला रोग नसेल तर मग तोच कागद आपोआप निगेटिव्ह होतो. आमच्या त्या जाड कागदावरच्या ठिपक्यांची तपासणी थेट विषाणू शोधते. तो नव्हता.”

उषाताईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. मग म्हणाल्या, “आणि आईचे शिपाई?”

“तिच्या अंगात रोग आहे, म्हणून ते जन्मभर राहतात. त्यामुळे आईचा कागद त्या भिंतीवर कधीच लागणार नाही.”

शामलाला आनंद व्हायला हवा होता. तिने बारीक आवाजात बाकीचं सांगितलं. गोळ्या, गुटी, जुलाब. ऐकता ऐकता इंदुताईंचा चेहरा उतरत गेला.

“तीन आठवडे? आणि दूध चालूच होतं?”

“हो.”

इंदुताईंनी लपवलं नाही. गोळ्या थांबल्या की विषाणू पुन्हा वाढतो, दुधातही उतरतो. वरच्या गुटीने बाळाच्या आतड्याला सूज येते, आणि सुजलेल्या आतड्यातून विषाणूला आत शिरायला वाट मिळते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या होत्या. शामलाने विचारलं, दूध तोडू का? डॉक्टरांनी आत येऊन मल्हारला तपासलं आणि नको म्हटलं. जुलाबाने थकलेल्या बाळाला बाटली लावली तर तो वेगळाच धोका. तिच्या गोळ्या आत्ताच्या आत्ता सुरू, मल्हारला पातळ औषध पुन्हा सहा आठवडे, जुलाबासाठी मीठ-साखरेचं औषध, आणि गुटी कायमची बंद. टाचेला पुन्हा टोचलं. हा रिपोर्टही महिन्याने येणार होता, आणि आज तो चांगला आला तरी पुढे पुन्हा तपासावं लागणार होतं. उषाताईंनी मल्हारचा पाय धरला होता. त्या स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होत्या, ज्याने त्यांनी गुटी उगाळली होती.

पुढच्या गुरुवारी हॉलमध्ये नवी जोडी लागत असताना शामला उभी राहिली आणि तिने पदर मागे सारला. मागच्या भिंतीजवळ कुणीतरी दचकलं. ‘बडी बीमारी’वाली बाई तोंड दाखवत नसते. तिने दोन कागद वर धरले आणि इंदुताईंनी सांगितलेलं जसंच्या तसं, आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. नाग नाही, शिपाई. आईचे. दीड वर्षात आपोआप जातात. निघताना इंदुताईंनी म्हटलेलं एक वाक्यही तिने सांगितलं: ज्या मुलांना खरंच रोग लागला, त्यांचे कागद या भिंतीवर नाहीत.

बाबा हसले. अनपढ फकीर होण्याआधी ते नऊ वर्षं लॅबमध्ये मदतनीस होते, हे छावनीतल्या एका म्हाताऱ्याने नंतर सांगितलं. दोन महिने आणि दीड वर्ष, ही दोन वयं त्यांनी तिथेच पाठ केली होती.

“डेढ़ साल बाद निगेटिव्ह आएगा, तो किसका प्रसाद होगा, बोल?” ते म्हणाले. “मेरा!”

“और पॉझिटिव्ह आया तो?” शामलाने विचारलं.

“तो तूने व्रत तोड़ा।”

“मतलब अच्छा हुआ तो आपका, बुरा हुआ तो माँ का।”

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. बाबांची दोन माणसं पुढे झाली, तशा उषाताई सुनेच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. मुरैनाकडची एक बाई पदराआडून म्हणाली, “और तेरा बच्चा? ठीक है ना अब?”

शामलाला खोटं सांगता आलं असतं. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं.

“पता नहीं,” ती म्हणाली. “यहाँ लाई तब ठीक था।”

हॉल रिकामा झाला नाही. पुष्कळ जणी तशाच बसून राहिल्या, बाबांनी लिफाफा कपाळाला लावलासुद्धा. पण मुरैनाची बाई उठली. तिच्यामागून आणखी तिघी उठल्या आणि पोरं कडेवर घेऊन जिना उतरल्या. रस्त्यावर उषाताईंनी त्यांना नव्या इमारतीतली लसीकरणामागची खोली समजावून सांगितली, मग म्हणाल्या, चला, मीच येते.

चमत्कार दाखवणाऱ्याला पुरावा मागा, तो देईलही. मग त्याने जो दाखवला नाही, तोही मागा. किती जणांवर इलाज केला, कोणती तपासणी केली, कोणत्या वयात केली आणि बाकीच्यांचं काय झालं, हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. उषाताई चौथी शिकलेल्या होत्या. आणि विचारून उत्तर मिळेपर्यंत चालू असलेलं औषध एक दिवसही थांबवू नका. शामलाने ते थांबवलं होतं. मल्हारचा रिपोर्ट यायला अजून तीन आठवडे होते.