पन्नास मिनिटांवरची लेक

"परत येणार याचा पुरावा काय?" व्हिसाच्या काचेमागच्या साहेबाने मान वर न करता विचारलं.

"साहेब, मी विमान साफ करते. तिकडे जातं ना, तेच. रोज चढते, रोज उतरते. अठरा वर्षं झाली. एकदा तरी आत राहिले का? आणखी कसला पुरावा आणू?"

मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसला नाही. "नावावर घर आहे? नवरा?"

"नवरा गेला. घर भाड्याचं. एकच लेक, ती तिकडे. दिवस भरलेत तिचे. मागच्या खेपेला पोट पडलं, तेव्हाही एकटीच होती."

"म्हणजे इथे कोणीच नाही. मग परत कशाला याल? चला, पुढचे."

झालं! जिची लेक तिकडे आहे तिने तिकडे जायचं नाही, कारण तिची लेक तिकडे आहे. असला न्याय काचेमागे बसूनच करता येतो. समोर बसून करायला जीभ रेटली नसती.

देश शेजारचाच. विमानाला पन्नास मिनिटं लागतात. तिच्या इथल्या भाड्याच्या खोलीपासून विमानतळापर्यंत यायला बसला दीड तास लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बादली घेऊन विमानाच्या जिन्याशी उभी होती. उतरणारी एक बाई नवऱ्याला म्हणाली, "पन्नास मिनिटं म्हणे! पाय आखडले माझे." त्या बाईची सीटही हिनेच पुसली.

"संडासात कडी लावून बस," जोडीदारीण कुजबुजली. "उतरशील ती थेट नातवंडाजवळ."

"आणि मुकादमाला काय सांगशील?"

"सांगेन, बाई पाण्याबरोबर वाहून गेली."

दोघी हसल्या. तेवढ्यात फोन थरथरला. जावई होता.

"आई, पहाटे कळा सुरू झाल्या. पाऊस एवढा की गाडीच मिळेना. चिखलातून चालत दवाखान्यात आणलं हो तिला. आता आत नेलंय. सारखी विचारतेय, आई निघाली का?"

फोन कमरेला खोचून ती मागच्या संडासात गेली. दार ओढलं. हात कडीवर ठेवला.

"मावशी, उतरा! माणसं चढवायचीत!" खालून मुकादम ओरडला.

पकडली गेली असती तर नोकरी गेली असती, ते एक वेळ चाललं असतं. पण तो काचेमागचा म्हणाला असता, बघा, मी सांगितलं नव्हतं? हे सुख ती त्या माणसाला देणार नव्हती. कडी तशीच सोडून ती बादलीसकट खाली उतरली. विमान गेलं.

ती कचऱ्याच्या पिशव्या बांधत होती तेव्हा पुन्हा जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती. दोघी बऱ्या होत्या.

"दोघींना जप," ती म्हणाली आणि पुढची पिशवी बांधायला घेतली.

दुपारी तेच विमान परत आलं. इथे कडक ऊन होतं, पण आतल्या वाटेवर दारापासून शेवटच्या रांगेपर्यंत तिकडच्या ओल्या चिखलाचे ठसे होते. तिने खिडक्या पुसल्या. पट्टे जुळवून ठेवले. सीटमागचे कप्पे रिकामे केले. चिखलावर पाय पडू नये म्हणून ती सीटांना धरून कडेकडेने सरकत होती.

"मावशी, एवढा चिखल दिसत नाही का?" मुकादम दारातून खेकसला.

"दिसतोय," ती म्हणाली आणि आधीच पुसलेली खिडकी पुन्हा पुसायला लागली.