चौथं वळण

आमच्या कलगीवाल्यांच्या फडात शब्द जुळवणारे पुष्कळ होते, चाल बांधणारा मी एकटा. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. चालीला अक्षर लागत नाही, कान लागतो. गायचा तो कुर्बान. कुर्बान अमरावतीचा पिंजारी. दिवसभर लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजायचा आणि दिवस कलला की शहराच्या परकोटाबाहेर माझ्या ओट्यावर येऊन तुणतुणं लावायचा. आवाज असा, की रस्त्यानं जाणारी गाडी थांबावी.

कलगी आणि तुरा असे दोन फड समोरासमोर बसतात, सवाल-जवाब होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे त्याआधी एक रीत होती. पहिल्या गाण्याची चाल शब्दांवाचून नुसती गुणगुणायची आणि अर्ध्यावर थांबून डफ खाली ठेवायचा. समोर बसलेल्यांपैकी कोणी उरलेली चाल पुरी केली, तर ती चाल उष्टी. मग चाल बांधणाऱ्यानं उठायचं, डफाची कलगी सोडून समोरच्या फडापुढं ठेवायची, आणि पुन्हा जन्मात चाल बांधायची नाही. शब्द उसने चालत. देवाच्या कथा तर सगळ्यांच्याच. चाल मात्र दुसऱ्याच्या तोंडातली चालत नसे.

बारा वर्षं माझी एकही चाल कोणी पुरी केली नव्हती. मग अमेरिकेत लढाई लागली आणि आमच्या कापसाचं नशीब फिरलं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. रस्त्यावर रात्रंदिवस गाड्या. पूर्वी अकोल्याची चाल अमरावतीला यायला दोन वर्षं लागत. आता गाडीवान कापसावर पडून गात येत आणि आठ दिवसांत ती आमच्या पोरासोरांच्या तोंडी बसे. खानदेशची चाल यायची, नागपूरची यायची, खाली निजामाच्या मुलखातली यायची. मी काही बांधायला बसलो, की तीन सुरांवर कुठली तरी ऐकलेली चाल येऊन बसायची, जसं पाखरू दाण्यावर बसतं. हाकलली तर दुसरी यायची.

एकदा मी बांधलेली चाल कुर्बाननं दोनदा म्हटली आणि तिसऱ्यांदा हसून तुणतुणं खाली ठेवलं. मूर्तिजापूरच्या एका वरातीत त्यानं ती ऐकली होती. मी वरातीत होतो, त्याच्या शेजारीच.

त्या दिवशी मी ठरवलं, की कान कोरा ठेवायचा. भजनाला जाणं सोडलं. लग्नाला गेलो तर अक्षता टाकून निघायचो. बाजारातून जाताना रुईचे दोन बोळे कानांत घालायचो. कुर्बान म्हणायचा, साऱ्या मुलखाचा कापूस विलायतेला जातो, उरतो तो नत्थुभाऊच्या कानात.

आणि घरात मी जमुनाला गाणं बंद करायला सांगितलं.

जमुना माझी बायको. पहाटे जात्यावर बसली की गायची, सगळ्याच बायका गातात तशी. मूलबाळ नव्हतं, घरात आवाज तेवढाच. मी तिला म्हटलं, की तुझं गाणं माझ्या कानात शिरतं आणि मग माझ्या चालीत निघतं, तेव्हा आजपासून नको. तिनं हातातली वैरण, म्हणजे दळायचे मूठभर दाणे, जात्यात टाकली आणि बरं म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून नुसतं जातं फिरू लागलं. मला हलकं वाटलं. एवढ्या सोप्या गोष्टीला आपण इतकी वर्षं का लावली, असंही मनात आलं.

कुर्बानला हे आवडलं नाही. त्यानं एरवी थट्टा केली असती, त्या दिवशी नाही केली. म्हणाला, "नत्थुभाऊ, म्या वीस वर्सं गाद्या पिंजून राहिलो. गादीत कापूस जुनाच असते. पिंजला का नवा होते. कोणी म्हणत नाही का हा कापूस उष्टा आहे."

"गादीवर झोपाचं असते," मी म्हटलं. "चालीवर झोपता येत नाही."

"तुले झोप येते तरी कुठी," तो म्हणाला.

अशी दोन वर्षं गेली. जमुना दिवसा कापूसबाजाराजवळच्या वखारीत रेच्यावर जाऊ लागली. रेचा म्हणजे कापसातून सरकी काढायचा लाकडी चरक. एक बाई दांडा फिरवते, दुसरी कापूस भरवते. तीस-चाळीस रेचे एकत्र कुरकुरत. घरी येई तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत रुई असे. आमच्यात बोलणं कमी होत गेलं. ते का, याचा मी विचार केला नाही. मला शांतता हवी होती आणि ती मिळत होती.

माघात अकोल्याहून सांगावा आला. महादेवराव नावाचे कापसाचे मोठे व्यापारी होते, त्यांनी मोर्णा नदीच्या वाळूत फड भरवायचं ठरवलं होतं. समोर तुऱ्याचे भगवंतराव, जुन्या शहरातले, ज्यांच्यापुढं तोवर चौघांनी कलगी सोडली होती. माझ्याजवळ एकही चाल नव्हती. पंधरा दिवस मी कोरड्या विहिरीत पोहरा सोडल्यासारखा बसून राहिलो.

सोळाव्या दिवशी पहाटे, अर्धवट झोपेत, चाल आली. अख्खी आली. तीन वळणांची होती. पहिलं वळण संथ, दुसरं त्याच्यावर चढणारं, तिसरं खाली येता येता मध्येच थबकणारं, आणि पुन्हा पहिलं. मी उठून बसलो. शेजारच्या खोलीत जातं चालू होतं, बाकी काही नाही. मी ती चाल मनात उलटीपालटी करून पाहिली, ऐकलेल्या सगळ्या चाली तिच्यापाशी आणून ठेवल्या. एकही चिकटली नाही. दोन वर्षांचं मौन फळाला आलं, असं मला वाटलं. कुर्बानला ऐकवली तेव्हा तो म्हणाला, की हे तुझं आहे असं वाटत नाही, इतकं चांगलं आहे. मी ती थट्टा समजलो.

जमुनाला मी ती ऐकवली नाही. तशी रीतच राहिली नव्हती.

घरून निघाल्यावर चौथ्या दिवशी अकोल्याला पोचलो. दुपार होती. मोर्णेच्या काठानं तोलाची वाट पाहत थांबलेल्या गाड्यांची रांग, वाळूत माणसं, आणि वरच्या बाजूला एका वखारीतल्या रेचेवाल्या बायका, भाकरी खायला सुटलेल्या, सरकीच्या ढिगावर बसलेल्या. भगवंतरावांनी मला मानानं जागा दिली आणि विचारलं, कान उघडून आलात की झाकून. माणसं हसली. मीही हसलो. त्या दिवशी मला कोणाचं भय नव्हतं.

कुर्बाननं चाल गुणगुणली. पहिलं वळण, दुसरं वळण. डफ वाळूवर ठेवला. भगवंतरावांनी डोळे मिटले होते. त्यांचे साथीदार एकमेकांकडे पाहत होते. कोणालाच येत नव्हती. भगवंतरावांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. आता शब्द धरा, असा तो इशारा होता.

तेवढ्यात सरकीच्या ढिगावरून तिसरं वळण आलं.

एक म्हातारी होती. ती फडाकडे पाहतही नव्हती. उजवा हात हवेत फिरवत होती, दांडा धरल्यासारखा, आणि भाकरी चावता चावता गुणगुणत होती. मग तिच्या शेजारचीनं उचललं, मग सगळ्यांनी. बरोबर त्या जागी थबकल्या, जिथं माझी चाल थबकत होती. आणि थबकून त्या मागे वळल्या नाहीत. पुढं गेल्या. माझ्या चालीला नव्हतं असं एक चौथं वळण त्यांनी घेतलं, आणि ते ऐकताच मला कळलं, की माझी चाल इतके दिवस अर्धवट होती. पाय उचललेला होता, टेकलेला नव्हता.

फडात कोणी ओरडलं नाही. भगवंतराव खाली मान घालून बसले. मी उठलो, कलगी सोडायला लागलो, पण गाठ सुटेना. कुर्बाननं सोडून दिली.

नंतर मी त्या म्हातारीकडे गेलो. गोदाबाई तिचं नाव. आपण काय केलं हे तिला कोणी तरी सांगितलं होतं आणि ती घाबरून बसली होती. मी विचारलं, "माय, हे गाणं कोठचं?"

"आमरावतीचं, बापू. गेल्या साली म्या तथी रेच्यावर होतो. एक बाई म्हणे. शब्द ज्यानं त्यानं आपले घालाचे, पण चाल तिची."

"तिनं कोठून आणली?"

"आणली नाही. रेचा फिरवता फिरवता तिले सुचे. एक जुनी झाली का दुसरी. लय होत्या तिच्यापाशी." मग ती थोडी हसली. "घरी मालकाले खपत नाही म्हणे. म्हणून सारं रेच्यावरच म्हणून घे."

मी नाव विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

परतायला चार दिवस लागले. पोचलो त्याच्या दुसऱ्या पहाटे मी जागा पडून राहिलो. जातं सुरू झालं. मी नुसतं जातं ऐकू गेलो तर जातंच ऐकू आलं. मग हळूहळू त्याच्या घरघरीत एक बारीक आवाज सापडला, भिंतीत माशी अडकल्यासारखा. ओठ मिटून, नाकातून. तिचं तिला तरी माहीत होतं की नाही, कोण जाणे. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. तिसऱ्याला थबकून ती वैरण घालायची आणि पुन्हा पहिल्यापासून. चौथं जात्यात बुडून जात होतं की ती घेतच नव्हती, ते कळेना. मी श्वास धरून ऐकलं. कळलं नाही.

मी उठून तिच्यासमोर जाऊन बसलो. ती थांबली. मी म्हटलं, "जमुना, ते गाणं म्हण. चार वळणांचं."

"मले कोणतं गाणं येते?"

"अकोल्याच्या बाया म्हणतात तुझं गाणं. गोदाबाईनं सांगितलं."

तिचा चेहरा उतरला. जात्याचा खुंटा तिनं दोन्ही हातांनी धरला.

"म्या घरात नाही म्हटलं," ती म्हणाली. "तुमी नको म्हटलं होतं. त्या दिसापासून घरात एक डाव बी नाही म्हटलं."

मी रागावलो नाही, हे मी तिला सांगितलं. ती चाल तुझी आहे, चांगली आहे, माझ्या सगळ्या चालींपेक्षा चांगली, हेही सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि मी थांबल्यावर तिनं एवढंच विचारलं, की कलगी कोठे आहे. मी सांगितलं. तिनं खुंटा सोडून पदरानं डोळे पुसले आणि चुलीकडे गेली.

त्यानंतर तिनं रेच्यावरही गाणं सोडलं. हे मला वखारीतल्या बायकांनी सांगितलं. माझी कलगी आपल्यामुळं गेली, हे तिच्या मनातून शेवटपर्यंत निघालं नाही, आणि जात्यावर तो बारीक आवाजही पुन्हा आला नाही, कारण आता ती ओठांकडे लक्ष ठेवू लागली होती. मी किती सांगितलं. पुढं सांगणंही सोडलं आणि पहाटे उठून गोठ्यामागं जाऊन बसू लागलो, मी घरात नाही असं वाटलं तर गाईल म्हणून. थंडीत घोंगडी घेऊन बसायचो. ती जाणून होती. मी परत आलो की चूल पेटलेली असे, आणि अंगावरच्या दवाबद्दल ती काही विचारत नसे.

अमेरिकेतली लढाई संपली, भाव उतरले. वखारीत वाफेचं यंत्र आलं आणि रेचे जळणात गेले. मी गोदाबाईला शोधत पुन्हा अकोल्याला गेलो, तर ती पटकीत वारली होती. बाकीच्या बायका कोठे पांगल्या, कोणाला ठाऊक नव्हतं. एकदोघींनी चाल म्हणून दाखवली, पण चौथं वळण एकीनं एक घेतलं, दुसरीनं दुसरं. दोन्ही चांगली होती. दोन्ही ती नव्हती.

जमुना त्यानंतर अकरा वर्षं होती. ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी कुर्बान गेला. शेवटी शेवटी त्याला पिंजायचं होत नव्हतं, नुसता माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. एकदा मी त्याला विचारलं, की नवी चाल निघतच नाही असं मी म्हणायचो, आणि माझ्याच घरात रोज निघत होती, हे तुला माहीत होतं का. तो म्हणाला, माझ्या पिंजायच्या धनुकलीचा आवाज इतका मोठा, की मला शेजारचं काय ऐकू येणार. मग म्हणाला, तुझ्या कानात तर बोळेच होते.

पन्नाशी उलटल्यावर मी शाळेच्या मास्तरांकडून अक्षर शिकलो. माझी सगळी गाणी लिहून काढली, तीन वह्या झाल्या. शब्द कागदावर राहतात. चाल राहत नाही. तिच्यासाठी मी एक पान कोरं सोडलं होतं, ते कोरंच आहे.

आता जातं मीच ओढतो. आधी शेजारणी हसत, आता हसत नाहीत. पाठ दुखते, पण ज्वारी पायलीभरच लागते. खुंटा धरला की पहिलं वळण येतं, दुसरं येतं, तिसरं येऊन थबकतं. त्याच्यापुढं घालायला मला आता कितीतरी सुचतं. एकाहून एक चांगलं, आणि कोणाच्याही तोंडात नसलेलं. तरुणपणी असं एक सुचलं असतं तर मी गावभर नाचलो असतो.

मी काही घालत नाही. तिथं मूठभर वैरण टाकतो, आणि पहिल्यापासून ओढू लागतो.