डाव्या आट्यांचा नट

थोरलीने नट बसवला, वरचा बोल्ट आवळला आणि हँडल फिरवलं. लेथची आडवी स्लाइड कुरकुर न करता पुढे गेली, मागे आली. जुन्या नटाचे आटे झिजून इतके सैल झाले होते की हँडल पाव वेढा नुसतंच फिरायचं, आणि बाबा, सत्तरी ओलांडलेले टर्नर, सगळा राग लेथवर काढायचे. या मापाचा नट आता बाजारात कुठेच मिळत नव्हता. वर्कशॉपमध्येच करायला हवा होता.

पहिला मान अर्थातच धाकट्या भावाचा. त्याने खुशाल उजवे आटे कापले. स्लाइड सरकवणारा स्क्रू डाव्या आट्यांचा, त्यावर हा नट चढणार कसा? बाबा हसून म्हणाले, चुकेल तो शिकेल. बारा वर्षांपूर्वी थोरलीच्या हातून एक शाफ्ट केसभर बारीक झाला होता, तेव्हा मात्र त्यांनी तिला लेथवरून उठवून ड्रिलिंग मशीनवर धाडलं, ते आजतागायत. एक तुपाशी, एक उपाशी, दुसरं काय!

शेवटी तिनेच त्या खिळखिळ्या लेथवर नटासाठी गनमेटल धातूचा तुकडा बांधला. आजाऱ्याकडूनच त्याचं औषध वाटून घ्यावं तसा प्रकार. हँडल एकाच बाजूने दाबून धरत, हत्यार नटाच्या आतून बाहेर चालवत तिने तीन दिवसांत डावे आटे कापले. बाबा स्टुलावर बसून पाहत होते. एकदाही त्यांनी तिला बाजूला सारलं नाही. तिला तीच शाबासकी वाटली.

आज छापखान्याचे मालक झिजलेला रोलर घेऊन आले. त्यांनी हँडल फिरवून पाहिलं आणि खूश झाले. वर्षभराचं काम इथेच देतो म्हणाले, पण तुमच्यानंतर लेथ कोण चालवणार ते सांगा. बाबांनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली.

"हा आहे ना. नटही त्यानेच केलाय."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आटा न् आटा डोळ्यांसमोर कापलेला पाहून हा माणूस असं बोलतो! तिने पाना उचलला, बोल्ट सोडला, स्क्रू बाहेर ओढला आणि नट काढून बाबांच्या हातावर ठेवला.

"घ्या. ज्याने केलाय त्याला बसवायला सांगा."

बाबा आवाज दाबून म्हणाले, अगं, गिऱ्हाईकासमोर काय हे? बाईच्या हातचं म्हटलं की लोक माप दोनदा तपासतात.

"तपासू द्या. मी चारदा तपासलंय."

बाबांनी नट धाकट्यापुढे धरला. त्याने हात पुढे केला नाही.

"मला नाही येत, बाबा. ताईने केलाय."

छापखान्याचे मालक रोलर सांभाळत दाराशी उभे होते. बाबांनी नटात बोट फिरवलं, घसा खाकरला आणि पुटपुटले, की हो, थोरलीनेच केलाय.

"त्यांना ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "मोठ्याने सांगा. आणि लेथ कोण चालवणार, तेही सांगा."