अप्पच्चनचा रेडिओ

एका घराने एका वेळी दोनच. परदेशातले आईबाप आणून वर्षानुवर्षं जवळ ठेवायचे तर नवऱ्याचे आणि बायकोचे मिळून दोन, तिसरा नाही, असा ऑस्ट्रेलिया सरकारचा नियम. ज्या कुणा साहेबाने हा नियम केला, त्याची आई बहुधा पुढच्याच गल्लीत राहत असणार!

मेलबर्नमधल्या लिन्सीच्या घरातल्या दोन्ही जागा भरल्या होत्या. सासरे औसेप आणि सासू रोसम्मा पाच वर्षांच्या व्हिसावर येऊन वर्ष झालं होतं. लिन्सीची आई थ्रेस्या तिकडे केरळात, चालकुडीला, एकटी. वडील जाऊन सहा वर्षं झालेली, थोरली बहीण नन होऊन आसामात गेलेली. अर्ज भरताना नवरा, बैजू, म्हणाला होता, "आधी माझे आणू, मग तुझी." लिन्सीने मान डोलावली. 'मग' म्हणजे कधी, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

बरं, सासरे खडूस असते तर सोपं गेलं असतं. चार भांडी आपटता आली असती. पण अप्पच्चन, सासऱ्यांना घरात हीच हाक, म्हणजे लोण्याहून मऊ माणूस. सात महिन्यांच्या नातीचं, छोट्या अन्नाचं, न्हाऊमाखू सोडलं तर सगळं तेच करायचे. रोसम्मा तोंडाला पदर लावून हसायची. "आमची चार पोरं यांनी कधी उचलून घेतली नाहीत. बैजू कितवीत आहे हे यांना तो नापास झाल्यावर कळलं! आणि आता बघा, नातीचे लंगोट घडी करतायत."

बाळाच्या पाळण्यापाशी एक डबी असायची आणि तिची जोडीदार डबी अप्पच्चनच्या हातात. बाळ खोलीत कुरकुरलं की या डबीतून ऐकू यायचं. लिन्सी तिला बेबी मॉनिटर म्हणायची, अप्पच्चन रेडिओ म्हणायचे. डावा कान पुरता गेलेला, उजवा अर्धा. म्हणून आवाज होता नव्हता तेवढा वाढवायचा, डबी उजव्या कानाला लावायची आणि लुंगीसारखं मुंडू गुडघ्यापर्यंत दुमडून मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीखाली बसायचं, हा त्यांचा दुपारचा कार्यक्रम.

"काय म्हणतात बातम्या?" बैजू ओरडून विचारायचा.

"झोपल्यात," अप्पच्चन सांगायचे.

संध्याकाळी सात वाजता सगळ्यांनी खाली बसून माळेची प्रार्थना. शेवटी अप्पच्चन एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागणं मागायचे. बैजू चालवतो त्या बसला अपघात नको, लिन्सीच्या पाठीला आराम पडू दे, चालकुडीत एकट्या असलेल्या थ्रेस्याला सांभाळ. थ्रेस्याचं नाव एक दिवस चुकलं नाही. सगळ्यात शेवटी स्वतःसाठी, "आणि मला, तुझ्या मर्जीला येईल तितके दिवस." मग धाकट्याने थोरल्यापुढे हात जोडून येशूच्या नावाने म्हणायचं, "ईशोला स्तुती." थोरल्याने डोक्यावर हात ठेवायचा, "आत्ता आणि सदैव."

आणि मग जेवण. या घरात आग्रह तीनदा. पहिल्या 'घ्या ना'ला कुणी हलायचं नाही, तिसऱ्याला ताट पुढे करायचं. रोसम्माचं म्हणणंच होतं, "एकदाच विचारलं म्हणजे विचारलंच नाही."

त्या मार्चमध्ये थ्रेस्या विहिरीजवळ पाय घसरून पडली. सकाळी आठला पडली, ती दुधाचा हिशोब मागायला आलेल्या शेजारणीला अकराला दिसली. हाड मोडलं नव्हतं. "काही नाही गं, जरा बसले होते," ती फोनवर म्हणाली. तीन तास, चिखलात, जरा बसली होती! लिन्सीला हॉस्पिटलच्या कामावर परक्यांच्या आयांची अंगं पुसताना तो चिखल दिसू लागला.

रविवारी चर्चनंतर चहाच्या रांगेत तिने व्हिसाची कामं करणाऱ्या शाजूला गाठलं. तो म्हणाला, "फोन करतो, चेच्ची." चेच्ची म्हणजे ताई. बुधवारी दुपारी त्याचा फोन आला तेव्हा लिन्सी अन्नाला पाळण्यात टाकत होती. बाळ नुकतं झोपलेलं. ती तिथेच, पाळण्याच्या कठड्याला टेकून, हळू आवाजात बोलली.

"दोनच म्हणजे दोनच का?"

"दोनच, चेच्ची. त्यातलं एक कमी झालं तर गोष्ट वेगळी."

"कमी म्हणजे?"

"म्हणजे कायमचं परत गेलं. किंवा... तुम्ही समजून घ्या."

लिन्सी हृदयाच्या वॉर्डातली नर्स. अप्पच्चनचे रिपोर्ट तिनेच आणलेले, तिनेच वाचलेले. घरात सांगितलं होतं, थोडा अशक्तपणा आहे, मीठ कमी करा. खरं काय ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आणि ते तिने त्या दुपारी शाजूला सांगितलं. कोण कुठला शाजू!

"अप्पच्चनचं हृदय फार थकलंय," ती म्हणाली. "मी रोज बघते अशी माणसं. फार तर दीड वर्ष. त्यांना काही झालं, तर आईचा अर्ज लगेच घालता येतो का? की थांबावं लागतं?"

शाजू म्हणाला, "येतो."

फोन ठेवल्यावर लिन्सीला स्वतःची अशी शिसारी आली, की तिने न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं, दोनदा. जिवंत माणसाची जागा मोजत होती ती! तेही चहात साखर किती हे विचारून मगच कप पुढे करणाऱ्या माणसाची. बाहेर आली तर खिडकीतून अप्पच्चन दिसले, दोरीखाली, नेहमीसारखे. डबी कानाला नव्हती, मांडीवर होती. ती चहा घेऊन गेली.

"बातम्या?" तिने मोठ्याने विचारलं.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. "झोपल्यात, मोळे," ते म्हणाले. 'मोळे' म्हणजे मुली. पोटच्या मुलींनाही ते नावाने हाक मारायचे, मोळे फक्त हिला.

त्या संध्याकाळी प्रार्थनेच्या शेवटी ते म्हणाले, "आणि मला, देवा, दीड वर्ष."

लिन्सीच्या हातातली माळ थांबली. रोसम्मा फिसकन हसली. "देवाशी काय भाव ठरवताय?"

"जायफळाची कलमं," अप्पच्चन म्हणाले. "निघताना लावली ती. दीड वर्षात फळ धरतील. तेवढं बघायचंय."

लिन्सीने ते लगेच पकडलं. जायफळ! हां, जायफळच. बुडत्या माणसाने धरावं तसं तिने ते जायफळ धरलं.

आठवड्याभराने जेवताना त्यांनी जाहीर केलं, की आपण गावी जाणार, कायमचे. बांधावर भावाने कुंपण सरकवलंय, कलमांना पाणी घालायला कुणी नाही, इथल्या थंडीत हाडं दुखतात. कारणं एकावर एक रचली होती. रोसम्माने राहायचं, मूल सांभाळायला.

रोसम्मा उसळलीच. "चव्वेचाळीस वर्षांत स्वतःचा भात स्वतः वाढून घेतला नाही, आणि एकटे राहणार? कुंपण गेलं खड्ड्यात!"

"शिकेन," अप्पच्चन म्हणाले. "आणि तो व्हिसाही सोडून देतो मी. उगाच जागा कशाला अडवायची?"

मग त्यांनी लिन्सीकडे बघितलं. ताटावर हात आडवा धरून बघावं तसे, वाट बघत.

"नका जाऊ, अप्पच्चन," लिन्सी म्हणाली.

एकदाच म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं, आणि डोळ्यांपुढे विहीर आली. तेवढ्यात बैजू म्हणाला, "मग लिन्सी, तुझ्या अम्माचं बघूया का?" आणि ती गप्प बसली. अप्पच्चननी मान हलवली आणि भात कालवला.

विमानतळावर तिने त्यांच्या गोळ्यांची पिशवी तीनदा तपासली. गोळ्यांचा आग्रह तीनदा, माणसाचा एकदा! हे तिला तिथेच सुचलं होतं, आणि तिथेच तिने ते गिळलं.

त्यानंतर प्रार्थना फोनवरून होऊ लागली. अप्पच्चन तिकडे ओसरीत, फोन तांब्याला टेकवून ठेवलेला. मागणं तेच, आकडा मात्र उतरत चालला. सोळा महिने. चौदा. तेरा. "यांची जायफळं पंचांग बघून वाढतात वाटतं!" रोसम्मा म्हणायची. लिन्सी तेही ऐकायची. विचारायची नाही.

नोव्हेंबरात थ्रेस्या आली. वाळलेली, पाठीत वाकलेली, पिशवीत केळ्याचे वेफर्स आणि लोणचं. विमानतळावर लिन्सी तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. घरी दोन म्हाताऱ्यांचं दोन दिवसांत जमलं. मासळीत कोकम किती यावर त्या भांडल्या, म्हणजे जमलंच म्हणायचं.

आठवड्यानंतरची गोष्ट. भर दुपार. लिन्सी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. रोसम्मा ओट्याशी. थ्रेस्या अन्नाला निजवायला आत गेली होती. लिन्सीने फडताळातून ती डबी काढून दोरीखालच्या खुर्चीवर ठेवली. आवाज होता तसाच होता. अप्पच्चन गावी गेल्यापासून आवाजाच्या चाकाला कुणी हात लावला नव्हता.

आणि डबीतून आई बोलू लागली.

बोलू लागली म्हणजे पुटपुटली. "नीज गं माझे राणी, नीज." मग बांगडी वाजली. मग गुडघा कडकन मोडला, आणि थ्रेस्या स्वतःशीच म्हणाली, "ईशो!" ते सुद्धा ऐकू आलं. बाळाचा श्वास ऐकू आला. पाळण्याचा कठडा करकरला, तोही.

लिन्सीच्या हातातली ओली चादर खाली पडली.

त्या दुपारी शाजूशी ती याहून मोठ्याने बोलली होती.

ती त्या खुर्चीत बसली. डबी उजव्या कानाला लावली. फार तर दीड वर्ष. त्यांना काही झालं तर. एकेक शब्द, कानात ओतल्यासारखा. आणि पाच मिनिटांनी तीच बाई चहा घेऊन पुढे उभी. आणि हा माणूस म्हणाला, झोपल्यात, मोळे.

तिने डबी बंद केली आणि चादर पुन्हा धुवायला नेली.

संध्याकाळी सातला फोन लागला. तांब्या, ओसरी, अप्पच्चन. गालांची हाडं वर आलेली, घोटे सुजलेले. नर्सच्या डोळ्यांना ते फोनवरही दिसतं. माळ झाली. मागणी आली. बैजूची बस, लिन्सीची पाठ, अन्नाचे दात. "थ्रेस्या पोचली, देवा, तुझे उपकार." मग जरा खोकून, "आणि मला दहा महिने."

रोसम्मा फोनकडे बघून म्हणाली, "दहा कशाला, वीस मागा!"

स्तुती म्हणायला लिन्सी फोनपुढे गेली. हात जोडले.

"ईशोला स्तुती."

"आत्ता आणि सदैव. आवाज नीट येतोय ना, मोळे?"

"येतो, अप्पच्चन," ती म्हणाली, आणि आवाज चढवला नाही. नेहमीसारखी ओरडली नाही. "त्या रेडिओवरही सगळं नीट ऐकू येतं. आज कळलं मला."

अप्पच्चननी माळ मुठीत गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मला कमी ऐकू येतं," ते म्हणाले. "रोसम्माला विचार."

"कमी कसलं!" रोसम्मा मागून हसली. "सोंगं सगळी. नको ते बरोबर ऐकू येतं यांना."

लिन्सीला म्हणावंसं वाटत होतं, परत या. पण जागा दोन, आणि दोन्ही तिच्या मागेच जमिनीवर बसल्या होत्या. ती सासूकडे वळली.

"अम्मच्ची, तुम्ही गावी जा. मी तिकीट काढते."

"आणि पोरगी कोण बघणार?" रोसम्मा हसतच होती. "यांना जायफळं आहेत की सोबतीला."

"आई बघेल. मी रजा घेईन. तुम्ही जा, अम्मच्ची."

"वेड लागलंय का गं तुला?"

"राहू दे, मोळे," फोनमधून अप्पच्चन म्हणाले.

लिन्सी सासूपुढे गुडघ्यांवर बसली, तिचे दोन्ही हात धरले आणि तिसऱ्यांदा म्हणाली. तेव्हा रोसम्माचं हसू थांबलं.