ऑरिनची बोटं

माझा धाकटा भाऊ ऑरिन गडगे रचतो. सिमेंट नाही, माती नाही, दगडावर दगड नीट बसला की झालं. आमच्या कनेटिकटच्या या कोपऱ्यात रानोरानी जुने गडगे आहेत आणि ते ढासळतच असतात, त्यामुळे त्याला कामाची कधी ददात पडली नाही. दगड उचलून हातात एकदा फिरवला की त्याची बसायची बाजू कुठली, हे त्याच्या बोटांनाच कळायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये त्याचा गुडघा सुजला. अंगात कसकस, आणि दुपारी दोन वाजता ट्रकमध्येच मान टाकून झोपायचा. आमच्याकडे जूनमध्ये असं काही सांगितलं की लोक ताप किती ते विचारत नाहीत, गोचीड कधी चावली ते विचारतात. दवाखान्यात लाइमसाठी, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या दुखण्यासाठी, रक्त तपासलं. नाही म्हणाले. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं, पुन्हा नाही.

"तपासणी चुकते," मी म्हणाले.

मी उगाच म्हणत नव्हते. माझीच पहिली तपासणी चुकली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात मी दोन महिने ओट्याला धरून उभी राहायचे आणि सगळे म्हणायचे, व्हर्ना, आता वय झालं. पुढे लाइमच निघाला. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, तरी थकवा वर्षभर गेला नाही. त्या वर्षात मी मुळ्या-पाल्याच्या नादी लागले. नदीकाठी माजलेलं नॉटवीड नावाचं तण खणायचं, मुळं चिरून दारूत दीड महिना मुरवायची, गाळून रोज थेंब मोजून घ्यायचे. मी बरी झाले. मुळ्यांनी झाले, अँटिबायोटिकने झाले की नुसते दिवस गेल्याने, ते आज मला सांगता येणार नाही. तेव्हा मात्र मी बायबलवर हात ठेवून मुळ्यांचंच नाव घेतलं असतं.

तर ऑरिनला मी हाताशी धरलं. त्याची बायको कॉलीन शाळेची बस चालवते, पहाटे पाचला घर सोडते. तिला म्हटलं, तू काळजी करू नकोस, औषधाचं मी बघते. तिलाही बरंच वाटलं.

पहिल्या दिवशी ऑरिनने अर्क घेतला आणि तोंड वाकडं केलं. "गटाराचं पाणी आहे हे."

"गटाराचं पाणी तू कधी प्यायलास?"

"आत्ताच प्यायलो ना."

नॉटवीडच्या जोडीला पेरू देशातल्या कुठल्याशा वेलीची साल होती. मग ताकदीसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या, त्यावर बी-कॉम्प्लेक्स, पायात गोळे येतात म्हणून मॅग्नेशियम, सकाळी पाण्यात घालायची तरतरीची पूड. दर रविवारी चर्चमधून आल्यावर मी त्याची सात खणांची डबी भरून द्यायचे. ऑक्टोबरपर्यंत गुडघा उतरला, अंगात तरतरीही आली. मी गावभर सांगत सुटले. दोघींनी तर माझ्याकडून अर्काच्या बाटल्या नेल्या.

जानेवारीत तो म्हणाला, "व्हर्न, मोजे काढले तरी मोजे घातल्यासारखं वाटतंय."

मला वाटलं, दुखणं नसांत उतरलं. असं होतं हे मी वाचलं होतं. लगेच खास नसांसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्या आणल्या. दोन सकाळी, दोन रात्री.

मार्चमध्ये बोटं बधिर झाली. दगड त्याच्या हातून सुटायला लागले. एक दिवस घरी येऊन त्याने बूट काढला तर अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं, मोजा रक्ताने भिजलेला, आणि त्याला पत्ताच नव्हता. कॉलीनने मला फोन केला. एवढंच म्हणाली, "तुमच्या वडिलांचं कसं सुरू झालं होतं?"

आमच्या वडिलांचं हातापासूनच सुरू झालं होतं. आधी कप सुटायचे, मग शर्टाची बटणं लावता येईनात, तिसऱ्या वर्षी आवाज गेला आणि त्या हिवाळ्यात तेही गेले. मला हे आठवलं नव्हतं असं नाही. मी ते आठवायचं टाळत होते, आणि टाळता यावं म्हणून गोळ्या वाढवत होते.

"नाही गं, हा लाइमच आहे," मी म्हणाले. लाइम असावा म्हणून मी मनातून प्रार्थना करत होते.

नसांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली ती थेट जूनमधली. त्या दिवशी कॉलीनला मुलांना सहलीला न्यायचं होतं, म्हणून ऑरिनला घेऊन मी गेले. 'जे काही घेता ते सगळं बरोबर आणा' असा निरोप होता. मी सफरचंदाच्या खोक्यात सगळ्या बाटल्या नीट रचून नेल्या. खोटं कशाला बोलू, मला जरा अभिमानच वाटत होता. डॉक्टरांना कळेल, म्हटलं, कुणीतरी या माणसाची काळजी घेतंय.

डॉक्टर लाफ्लूर म्हणजे साठीच्या पुढची, बारीक चणीची बाई. आमच्या वडिलांच्या दुखण्याचं तिने आधीच विचारून लिहून घेतलं. तिने ऑरिनच्या पायाच्या हाडावर कंप पावणारा चिमटा टेकवला. "काही जाणवतं?"

"थंड काहीतरी आहे का? नाही. नाही जाणवत."

मग डोळे मिटून उभं केलं, तर तो झुलायला लागला. तासभर सुया आणि तारा लावून नसांची तपासणी झाली. मी कोपऱ्यात बसून तिच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते बघत होते. काही दिसत नव्हतं.

शेवटी तिने खोकं जवळ ओढलं, पहिली बाटली उचलली आणि चष्मा शोधायला लागली. सापडेना. "बाई, तुम्ही वाचून दाखवता का? यात बी-सिक्स व्हिटॅमिन किती आहे तेवढंच सांगा."

मी वाचायला लागले. पहिल्या बाटलीत पंचवीस मिलिग्रॅम. बी-कॉम्प्लेक्समध्ये शंभर. मॅग्नेशियममध्येही होतं, मला ठाऊकच नव्हतं, पन्नास. पुडीत दहा.

"नसांच्या गोळीत पन्नास," मी म्हणाले.

"दिवसाला किती घेतात?"

"चार."

बेरीज मी शाळेत दोनशे मुलांच्या जेवणाची करायचे, ही करायला मला कागद लागला नाही. तीनशे पंच्याऐंशी.

"माणसाला दिवसाला दोनसुद्धा लागत नाहीत," डॉक्टर शांतपणे म्हणाली. "आणि ते जेवणातून मिळतात. हे फार दिवस जास्त झालं की नसा बधिर होतात. रक्ताची तपासणी करून खात्री करू, पण मला दुसरं काही वाटत नाही."

ऑरिनने विचारलं, "म्हणजे माझ्या वडिलांना होतं ते..."

"ते नाही. त्यात ताकद जाते, स्पर्श राहतो. तुमची ताकद शाबूत आहे, स्पर्श गेलाय. अगदी उलटं."

तो खाली बघत बसला. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं हसतोय. तो रडत होता. वडिलांच्या दफनाच्या वेळीही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"मग लाइम?" मी विचारलं.

"गेल्या जूनमध्ये काय होतं ते मला आज नाही सांगता येणार. गुडघा झिजलाय एवढं नक्की. बाकी जे होतं ते निघून गेलेलं दिसतंय. तुमच्या अर्काबद्दलही मला बरं-वाईट काही म्हणता येत नाही. पण सध्या सगळं बंद. बरं व्हायला महिने लागतील, आणि आधी थोडं बिघडल्यासारखं वाटेल. तेव्हा घाबरून पुन्हा काही सुरू करू नका." हे शेवटचं वाक्य ती माझ्याकडे बघून म्हणाली.

परतीच्या वाटेवर मला गाडी चालवेना. एका शेताबाहेर स्ट्रॉबेरी विकायला ठेवल्या होत्या, तिथे थांबवली. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी म्हणाले, "मी तुला विष घालत होते."

ऑरिन उतरला आणि स्ट्रॉबेरीचा डबा घेऊन आला. खायला लागला.

"धुवून तरी घे."

"व्हर्न, आता काय खायचं ते तू मला सांगू नकोस."

मला रडता रडता हसू फुटलं. तो म्हणाला, "तुला माहितीये, मी मार्चपासून रोज मोजत होतो. तीन वर्षांतलं किती गेलं, किती राहिलं. आता मोजायचं नाही. तू विष घातलंस की साखर, मला काही फरक पडत नाही. खा."

कॉलीनला फरक पडला. मी सांगत असताना ती ऐकून घेत राहिली, मग उठून भांडी घासायला लागली. "रोज सकाळी ती डबी मीच त्याच्यापुढे ठेवत होते," ती पाठमोरीच म्हणाली. "म्हणून तुझ्यावर नीट रागावताही येत नाही मला." तरी दीड-दोन आठवडे तिने मला फोन केला नाही. गावातल्या ज्या दोघींनी बाटल्या नेल्या होत्या त्यांच्या घरी जाऊन, अर्काबरोबर मी ज्या गोळ्या सांगितल्या होत्या त्या बंद करा, असं सांगून आले. एकीने दार उघडं धरूनच ऐकलं. ते जड गेलं, पण सांगून झाल्यावर मोकळं वाटलं.

रक्ताचा अहवाल डॉक्टरच्या म्हणण्यासारखाच आला. आणि तिने सांगितल्याप्रमाणे जुलैत ऑरिनचं आणखी बिघडलं. तळपायाची आग व्हायची, जिने उतरताना कठडा धरायचा. माझे हात शिवशिवायचे. एकदा तर नॉटवीडच्या बरणीचं झाकण मी उघडलंही होतं. वास घेतला आणि परत लावून टाकलं. सप्टेंबरमध्ये आग कमी झाली. मग पुष्कळ दिवस काहीच नाही, ना पुढे, ना मागे. तो पोऱ्यासारखा दुसऱ्या गवंड्याच्या हाताखाली दगड वाहायचा, रचायचा नाही.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी सकाळी फोन वाजला. कॉलीन होती, आणि तिला धाप लागली होती.

"व्हर्ना, ऑरिनने बोट भाजून घेतलं."

"अगं, कसं?"

"मक्याच्या पावाचं भांडं ओव्हनमधून काढताना. फडकं नीट धरलं नव्हतं. त्याने हात झटकन मागे घेतला. ओरडला. शिव्या दिल्या. व्हर्ना, त्याला लागलं."

मी कोट न घालताच गाडीत बसले. पोचले तेव्हा तो बेसिनपाशी नळाखाली बोट धरून उभा होता. कॉलीन ओट्याला टेकून डोळे पुसत होती आणि हसत होती. मी त्याचं बोट हातात घेऊन बघितलं. चांगला टपोरा फोड आला होता.

"दुखतंय?" मी विचारलं.

"मरणाचं दुखतंय," तो म्हणाला, "आणि तुम्ही दोघी दात काढताय."

कॉलीनने पाव कापायला घेतला. मी लोणी काढलं.